नाम येईपर्यंत

आमचं काम काचेच्या खोलीत चालतं. सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन, पाण्याचा जग आणि दोघींच्या मध्ये एक कोरा पॅड. खोली इतकी लहान की एकीला स्वेटर काढायचा असेल तर दुसरीनं आधी बाहेर जावं. पुढे व्यासपीठावर कुणीतरी चिनी भाषेत बोलत असतो आणि त्याचं वाक्य संपायच्या आत आम्ही पाळीपाळीनं ते आपल्या भाषेत सांगायला लागलेल्या असतो. लोक कानाला यंत्र लावून ऐकतात. वक्ता रटाळ निघाला तर नाकं मात्र आमच्याकडे बघून मुरडतात.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि ज्योतिषीण. हे नाव तिला मीच ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की आता मोठे साहेबसुद्धा फोनवर विचारतात, ‘ज्योतिषीणबाई मोकळ्या आहेत का?’ हे नाव तिला का पडलं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

चिनी माणूस एखाद्या गोष्टीबद्दल बोलायला लागला की आधी तिची सगळी कुंडली मांडतो आणि तिचं नाव शेवटी घेतो. आपण ‘काल आलेला पाहुणा’ म्हणतो, तसंच. पण आपलं ते दोन-चार शब्दांत आटोपतं, आणि फारच लांबायला लागलं तर आपण ‘जो पाहुणा काल आला, तो’ अशी पळवाट काढतो. चिनीत ती पळवाट नाही. तिथं अख्खं वाक्य नामाच्या पुढ्यात येऊन उभं राहतं, मग एक बारीकसा ‘द’ आणि मग कुठे ते नाम. आमचे सर त्या ‘द’ला टाचणी म्हणायचे. ‘पोरींनो, वाक्य कितीही मोठं असू दे, टाचणी एकच लागते.’

आता समजा वक्ता म्हणाला, ‘गेल्या पुरात वाहून गेलेला, दोन पुढाऱ्यांनी उद्घाटन केलेला आणि अजून गावातल्या कुणीच न पाहिलेला’... काय? पूल असेल तर गेलेला, शाळा असेल तर गेलेली, धरण असेल तर गेलेलं. चिनी वक्त्याला याची फिकीर नाही, त्याच्या भाषेत शब्दाला बाई-बुवा चिकटत नाही. आपल्याला मात्र तोंड उघडतानाच ठरवावं लागतं. माझ्यासारखी बाई अशा वेळी सरळ गप्प बसते, नाम येईपर्यंत वाट बघते आणि मग सगळं एका दमात ओतते. म्हणून मला मालगाडी म्हणतात. ज्योतिषीण वाट बघत नाही. वक्त्याचा चेहरा, आधीची दोन वाक्यं, सभेचा विषय, एवढ्यावर ती नाम ओळखते आणि बिनधास्त ‘गेलेली’ म्हणून मोकळी होते. मागून खरंच शाळा येते. इतक्या वर्षांत ती चुकलेली मी क्वचितच ऐकली, आणि चुकली तरी असं सावरून घ्यायची की वक्त्यालाच वाटावं, आपलंच काहीतरी चुकलं.

या कामात आणखी एक नियम असतो. खोलीत आपण नसतो. वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं, आणि तो ‘मी’ आपला नव्हे. सकाळी मी कारखानदार असते, दुपारी डॉक्टर, एकदा तर दिवसभर बायकोवर चिडलेला नवरा होते. वक्त्यानं जे म्हटलं नाही ते जोडायचं नाही, आणि स्वतःला कुठेही घुसवायचं नाही. हे आम्हाला सरांनीच शिकवलं. मी ते शिकले. ज्योतिषीण ते प्यायली.

सर म्हणजे तिचे वडील.

त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट धरून ठेवली होती. वाक्य नामाला कसं टाचलं जातं. चिनीत कसं, आणि चिनीच्या ज्या चुलत-मावस भाषा डोंगराळ मुलखात विखुरल्या आहेत त्यांच्यात कसं. दर थंडीत सुट्टी काढून ते डोंगरात जायचे, कुणाच्या तरी घरी महिनाभर राहायचे आणि लोकांच्या गोष्टी ऐकून यायचे. काकू कंटाळून म्हणायच्या, ‘यांना घरातल्या पोरीची इयत्ता माहीत नाही, पण तिकडच्या भाषेत खेचराच्या आधी काय येतं ते विचारा!’ काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली.

एका थंडीत ते मुलीलाही घेऊन गेले होते. तेव्हा ती कॉलेजात होती. बरोबर सरांचा पट्टशिष्यही होता, आमच्या पुढच्या वर्गातला, अतिशय हुशार आणि त्याहून अतिशय नम्र. ही हकीगत तिनं मला एकदा काचेच्या खोलीतच सांगितली होती. वक्त्याचं विमान रखडलं होतं, आम्ही पाय पसरून चहा पीत बसलो होतो, आणि ती हसत हसत सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गंमत.

संध्याकाळी सगळे चुलीभोवती बसले होते. घरातली म्हातारी काहीतरी सांगत होती आणि सर भराभर लिहून घेत होते. अधूनमधून अडत होते. कारण म्हातारी ‘पाणी आणणारी’, ‘वर राहणारे’ असं म्हणून थांबायची आणि पुढचं नाम घ्यायचीच नाही. सर तिला पुन्हा पुन्हा विचारत, ‘पाणी आणणारी कोण? बाई? सून?’ म्हातारी बिचारी बुचकळ्यात. तेव्हा ही मध्येच म्हणाली, ‘बाबा, नाम राहिलं नाहीये. ते सगळं वाक्यच नाम झालंय. तिच्या भाषेत टाचणी नाहीच, नुसतं वाक्यच पुरतं.’ सर वैतागले होते, थंडीनं बोटं आखडली होती. म्हणाले, ‘गप्प बस गं. मोठी माणसं काम करतायत.’

दोन-तीन वर्षांनी पट्टशिष्यानं हाच मुद्दा लेखात मांडला. नीट, पुराव्यासकट. सरांनी त्याची पाठ थोपटली, स्वतःच्या पुस्तकात त्याच्या नावानं तो छापला, आणि विद्यापीठातली जागा त्याला मिळाली. पट्टशिष्यानं चोरलं असं मी म्हणत नाही. चोरी न करता जेवढं उचलता येतं तेवढं त्यानं उचललं. तिलाही पुढं शिकायचं होतं, याच विषयात. सर म्हणाले, ‘तुझा कान चांगला आहे, तू दुभाषी हो.’ ती झाली.

‘मग तू बोलली नाहीस?’ मी विचारलं होतं.

‘काय बोलायचं? मी थोडीच लेख लिहिला होता? चुलीपाशी एक वाक्य बोलले, इतकंच. जाऊ दे, विमान उतरलं वाटतं.’ आणि तिनं कप बाजूला ठेवला.

गेल्या वर्षी सरांना झटका आला. उजवा हात गेला, चालणं गेलं, आणि बोलण्यातून चमत्कारिक गोष्ट गेली. नामं गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत जिथं लागतं तिथलं जातं. त्यातही आपली भाषा जवळजवळ पुसली गेली होती आणि चिनी शिल्लक राहिली होती. आईकडून शिकलेली गेली आणि पुस्तकातून शिकलेली राहिली, यावर मी काय बोलणार? तर सर चिनीत बोलायचे. पूर्ण वाक्य यायचं, त्यात इतर नामं निसटून यायची, टाचणी यायची, आणि पुढे जे टाचायचं नेमक्या त्या नामाच्या जागी तोंड नुसतं उघडं राहायचं.

‘डोळ्यांवर लावायचं...’

‘चष्मा,’ ज्योतिषीण म्हणायची आणि चष्मा हातात द्यायची.

‘सकाळी घेतलेलं, कडू...’

‘औषध. आता संध्याकाळचं आठला, बाबा.’

मी अधूनमधून जायची तेव्हा हे बघायची आणि खरं सांगते, बघत राहायची. सरांचं घर तिच्या जिभेवर चालत होतं. सरांनी अर्धं बोलायचं आणि तिनं पुरं करायचं. शुश्रूषेला ठेवलेल्या मावशी कौतुकानं म्हणायच्या, ‘यांचं मनातलं ताईंना कळतं.’ तिलाही ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये? आयुष्यभर वडिलांना काही येत नाही अशी जागा तिला सापडली नव्हती, ती आता सापडली होती.

मग एक दिवस सर वस्तू सोडून माणसाबद्दल बोलायला लागले.

मी तेव्हा तिथंच होते. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन पलंगापर्यंत आलेलं. सर उशांना टेकून बसले होते. डॉक्टरांनी आदल्याच आठवड्यात तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल, आणि त्यात बोलणं राहीलच असं नाही. त्यामुळे सर काही म्हणाले की तिचा जीव कानात गोळा व्हायचा.

‘डोंगरात थंडीत माझ्याबरोबर आलेलं...’ सर म्हणाले. मी इथं ‘आलेलं’ लिहिते, कारण बाई की बुवा ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ‘मला बोलायचं असलेलं...’

‘दादा!’ ती लगेच म्हणाली. पट्टशिष्याला ती दादा म्हणायची. ‘दादांना बोलावू का?’

सरांनी डावा हात हलवला. नाही.

‘मग खेचरवाला? तो आता कुठे असेल, बाबा? त्या घरातल्या आजी? गावचा मुखिया?’

सर तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा म्हणाले, ‘डोंगरात माझ्याबरोबर आलेलं...’ आणि पुढचं काही यायच्या आत ती म्हणाली, ‘दादाच ना? दुसरं कोण होतं आपल्याबरोबर?’ सरांनी डोळे मिटून घेतले.

‘बघ, दादाच,’ ती मला म्हणाली. ‘त्यांना दादाला भेटायचंय. काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात. हे राहून जाता कामा नये गं.’

दुसरं कोण होतं आपल्याबरोबर, असं ती म्हणाली. स्वतःच्या तोंडानं. आणि मीही शेजारी बसून मान डोलावली. आम्ही दोघीही दुभाषी, खोलीत नसण्याची आम्हाला सवय. मला आजही त्या क्षणाचा राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

पट्टशिष्य आता दुसऱ्या शहरात, मोठा माणूस. फोनवर सापडणं कठीण, सापडला तर वेळ मिळणं कठीण. तिनं पिच्छा पुरवला. सभा, परिषदा, त्याची चिटणीस, सगळ्यांशी भांडली. शेवटी तो ‘सरांसाठी काय वाटेल ते’ म्हणाला आणि एका शनिवारी यायला तयार झाला. ती त्याला आणायला स्टेशनवर गेली. मावशींची सुट्टी होती, म्हणून सरांजवळ मी बसले.

तिची खुर्ची पलंगाच्या उशाशी होती. तिच्यावर तिची निळी शाल टाकलेली. मी त्या खुर्चीत न बसता खिडकीपाशी स्टूल घेऊन बसले. उगीचच. सरांना जाग आली, त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘ती स्टेशनवर गेलीय, सर. तुमच्या पट्टशिष्याला आणायला.’

सर वैतागून हसले. झटक्यानं चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, तरी ते हसणं मी ओळखलं. वर्गात कुणी मूर्खासारखं उत्तर दिलं की सर असेच हसायचे.

मग ते बोलायला लागले. मी मालगाडी, मला वाट बघायची सवय. मी काही म्हटलं नाही. जीभ वळवळत होती, नाही म्हणत नाही. प्रत्येक टाचणीनंतर सर थांबायचे, धाप लागायची, आणि मला वाटायचं आता एक शब्द पुढं करावा, त्यांचे कष्ट वाचतील. मी दात आवळून बसले. मोरीतला नळ ठिबकत होता. ऊन पलंगावरून सरकून भिंतीवर गेलं तरी सर बोलत होते.

‘डोंगरात थंडीत माझ्याबरोबर आलेलं...’ थांबले. ‘चुलीपाशी बसून सगळ्यांच्या आधी खरं ओळखणारं...’ पुन्हा थांबले. ‘मी गप्प बसवलेलं...’

इथं मला कळलं. पण मी हलले नाही.

‘ते दुसऱ्याच्या नावानं छापलं तेव्हाही गप्प राहिलेलं... आता रोज माझ्याऐवजी बोलणारं... आणि मी कधी पुरतं बोलू न दिलेलं...’

प्रत्येक वाक्याला टाचणी होती. एकामागून एक सगळी नीट टाचून झाली आणि सर नामाच्या जागी आले. तोंड उघडलं. काही आलं नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि निळ्या शालीच्या खुर्चीकडे बोट केलं.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि म्हटलं, ‘सर, मी सांगू तिला?’

त्यांनी मान हलवली. नाही. आणि हात छातीवर ठेवला. मी. मीच सांगणार.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘तुम्हीच सांगा.’

तेवढ्यात दारात चपलांचा आवाज झाला.

पट्टशिष्य फळांची परडी आणि स्वतःचं नवं पुस्तक घेऊन आला होता. केस पांढरे झाले होते पण नम्रपणा तसाच होता, उलट वाढलाच होता. पलंगापाशी बसला, सरांचा हात हातात घेतला, आणि त्याला खरंच भरून आलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू? ‘सर, मी आलोय. मला कळलं तुम्हाला बोलायचंय.’

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं, थोडं दयेनं. मग त्यांनी मान वळवली आणि मुलीकडे बघून सुरुवात केली.

‘चुलीपाशी बसून सगळ्यांच्या आधी खरं ओळखणारं...’

‘हो, बाबा!’ ज्योतिषीण म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. ‘दादा, ते तुमच्याबद्दलच बोलतायत. त्या थंडीत आपण म्हातारीच्या घरी होतो ना, चुलीपाशी, तेव्हा तुम्ही जे ओळखलंत ते. वाक्यच नाम होतं, ते. ते म्हणतायत, तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलंत.’

‘अगं, थांब जरा,’ मी म्हटलं.

पण ती थांबणारी नव्हती, आणि पट्टशिष्य डोळे पुसत होता. ‘सर, तुमचंच ते, मी फक्त मांडलं,’ तो म्हणाला. तो एवढं म्हणाला तेही खोटंच होतं, कारण सरांचं ते नव्हतं. ज्याचं होतं ते माणूस मध्ये उभं राहून स्वतःच्या हातानं ते दुसऱ्यांदा त्याला देत होतं, आणि आपण वडिलांची शेवटची इच्छा पुरी केली म्हणून सुखावत होतं.

सर गप्प झाले. त्या संध्याकाळी पुन्हा बोलले नाहीत.

पट्टशिष्य गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती कप विसळत होती, गुणगुणत.

‘उद्या एक करशील?’ मी म्हटलं. ‘सर बोलायला लागले की मध्ये बोलू नकोस. शेवटपर्यंत थांब. कितीही वेळ लागो.’

‘का? काय झालं?’

‘तू कर गं, मी सांगते म्हणून.’

‘मला बाबांचं कळतं,’ ती थोडी दुखावून म्हणाली. ‘आयुष्य गेलं माझं त्यांचं बोलणं लावण्यात. तू रोज थोडीच असतेस?’

‘नसते. म्हणूनच सांगते. एकदा मालगाडी हो माझ्यासारखी. एकच दिवस.’

ती हसली. ‘बरं बाई. उद्या तोंडाला कुलूप.’ आणि ओल्या हातानं तोंडाला किल्ली फिरवल्यासारखं केलं.

सरांनी छातीवर ठेवलेला हात माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यांचं वाक्य त्यांनीच तिला द्यायला हवं, मी मध्ये कोण, असं मला वाटलं. पूर्ण विचार करून वाटलं. आणि आता कितीही विचार केला तरी वाटतं, तिथंच नळ बंद करून, कप हातातून काढून घेऊन तिला सांगून टाकायला हवं होतं.

सकाळी दुसरा झटका आला. ती उशाशी बसली होती, तोंडाला कुलूप घालून, कबूल केल्याप्रमाणे. सरांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाले काहीच नाही, आणि मान कलली. पुढचे काही दिवस हॉस्पिटलात श्वास चालू होता, एवढंच. ती रोज त्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसायची. मी एकदा तिला तसं बसलेलं बघितलं आणि जिन्यातूनच परत गेले. मग सर गेले.

पुष्कळ लोक आले. पट्टशिष्यानं फार सुंदर लेख लिहिला, त्यात शेवटच्या भेटीचं वर्णन होतं, सरांनी कसं चुलीची आठवण काढून त्याच्या शोधाला मान दिला ते. तिनं तो कापून ठेवला. मला दाखवला. मी वाचून परत दिला आणि म्हटलं, ‘चांगला आहे.’

काम पुन्हा सुरू झालं. ती आता नामं ओळखायची, पण तिचा तो जोर गेला होता. दोन-चारदा ‘गेलेला’ म्हणाली आणि मागून शाळा आली. सावरलं नाही तिनं, नुसतंच पुढं गेली.

परवा सकाळी सभा सुरू व्हायला अवकाश होता. सभागृहात माणसं खुर्च्या मांडत होती, माईकवर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं. आमचे मायक्रोफोन बंद होते. ती पॅडवर पेन्सिलीनं रेघोट्या मारत होती. एकदम म्हणाली, ‘त्या शनिवारी मी स्टेशनवर गेले होते तेव्हा बाबा तुझ्याशी बोलले होते, हो ना? तू रडली होतीस. मला दारातच दिसलं होतं. मी विचारलं नाही.’

‘हो.’

‘काय म्हणाले?’

मी पाण्याचा घोट घेतला. मग आमच्या पद्धतीनं सांगितलं, जसं ते सांगायला सरांनीच शिकवलं होतं. वक्ता ‘मी’ म्हणाला तर मी ‘मी’, काही गाळायचं नाही, काही जोडायचं नाही.

‘डोंगरात थंडीत माझ्याबरोबर आलेली,’ मी म्हटलं.

पेन्सिल थांबली.

‘चुलीपाशी बसून सगळ्यांच्या आधी खरं ओळखणारी. मी गप्प बसवलेली. ते दुसऱ्याच्या नावानं छापलं तेव्हाही गप्प राहिलेली. आता रोज माझ्याऐवजी बोलणारी, आणि मी कधी पुरतं बोलू न दिलेली...’

आणि मी थांबले. कारण सर तिथं थांबले होते.

ती माझ्याकडे बघत होती. पुलापासून धरणापर्यंत जगातलं प्रत्येक नाम येण्याआधी ओळखणारी बाई, तिच्या ओठांवर काही येत नव्हतं. मी वाट पाहिली. मला पाहता येते. बाहेर दिवे लागले, लोक येऊन बसायला लागले, कुणीतरी काचेवर टकटक करून खूण केली की दोनच मिनिटं उरली आहेत.

ती स्वतःहून तो शब्द घेणार नव्हती. कधीच घेतला नसता तिनं. तेव्हा वक्त्यानं न म्हटलेलं जोडायचं नाही, हा नियम मी मोडला. नेहमी अवघड नाम आलं की आम्ही एकमेकींसाठी पॅडवर लिहितो, तसं मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, रेघोट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लिहिलं, ‘तू’, आणि पॅड तिच्याकडे सरकवला.

तिनं ते वाचलं.

‘असं म्हणाले बाबा?’

‘म्हणाले नाहीत,’ मी म्हटलं. ‘तुझ्या खुर्चीकडे बोट केलं. तुला ते स्वतःच सांगणार होते.’

‘स्वतःच,’ ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, ‘त्या शनिवारी, दादांसमोर, ते माझ्याकडे बघून म्हणत होते.’

‘हो.’

‘आणि मी...’

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही. समोर लाल दिवा लागला, व्यासपीठावर वक्ता उठला, आणि पहिली पाळी तिची होती. तिनं स्वतःचा मायक्रोफोन बंदच ठेवला आणि हात लांब करून माझा चालू केला.